थोडक्यात टळलं

“मॅडम, आवाज येतोय का? मी नवीन सिग्नलवाला... खाली बघा, पिवळं हेल्मेट.”

खाली पिवळी हेल्मेटं चाळीस तरी होती. तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. “त्यातलं कुठलं?”

“जे हात हलवतंय ते!”

ती हसली, आणि आपण हसलो याचंच तिला नवल वाटलं. सकाळी शिडी चढून क्रेनच्या त्या काचेच्या पेटीत बसलं की संध्याकाळपर्यंत माणसाचं तोंड दिसायचं नाही. घरी भाऊ-वहिनी होते, पण ते दोघं एकमेकांत आणि टीव्हीत. तिचं ताट झाकून ठेवलं की त्यांचं कर्तव्य संपलं. एकटेपणाची इतकी सवय झाली होती की दुखतंय हेसुद्धा कळेनासं झालं होतं.

सिग्नलवाल्याने ओझं बांधायचं, कुठे उतरवायचं ते सांगायचं आणि गप्प बसायचं. पण हा गडी गप्प बसणारा नव्हता. “डावीकडे... हळू... हं, बस. जेवलात का?” सगळी साइट तिला ताई म्हणायची, हा पठ्ठ्या एकटाच मॅडम म्हणायचा.

“ताई का म्हणत नाहीस रे?” एकदा तिने विचारलं.

“ते... जमणार नाही, मॅडम.”

असे दोन महिने गेले. ती उतरेपर्यंत तो घरी गेलेला असे, त्यामुळे समोरासमोर भेट काही झाली नाही.

एका मंगळवारी पाइपांची मोळी वर उचललेली होती आणि तो तिला चिडवत होता. “आज डोक्याला निळा रुमाल का? थांबा, नीट बघू द्या...” वर बघत बघत तो मागे सरकला, थेट लोंबत्या मोळीखाली.

“बाजूला हो!” ती किंचाळली.

त्याने उडी मारली. मोळीचा पट्टा सैल झाला होता. त्यातून एक पाइप निसटला आणि मघाशी तो उभा होता तिथेच आदळला.

“मॅडम...” त्याला धाप लागली होती. “कोणी पाहिलं नाही. लागलंही नाही कोणाला. वहीत नका ना लिहू.”

थोडक्यात टळलेल्या अपघातांची ती वही. लिहिलं तर याची दुसरीकडे उचलबांगडी ठरलेली. नाही लिहिलं, तर उद्याही तो असाच वर बघत उभा राहणार. जगात एकच माणूस तिला जेवलात का म्हणून विचारत होता, आणि त्यालाच तिने आपल्या हाताने घालवायचं होतं!

तिने लिहिलं. ‘कारण’ या रकान्यापाशी पेन अडलं. शेवटी तिथेही खरं तेच लिहिलं: दोघांचं कामावर लक्ष नव्हतं.

तिला ताकीद मिळाली. त्याला चार दिवसांचं प्रशिक्षण आणि शहराच्या दुसऱ्या टोकाची साइट. जाताना तो एक शब्द बोलला नाही. नवा सिग्नलवाला शहाणा होता, “ताई, वर” आणि “ताई, बस” याखेरीज तोंड उघडायचा नाही. डबा उघडताना तिचे डोळे भरून यायचे. पुसायची घाई नव्हती, बघायला होतं कोण?

नवव्या दिवशी ती उतरली, तर कुंपणापाशी एक अनोळखी माणूस उभा होता. त्याने “मॅडम” म्हटलं आणि तिने आवाज ओळखला.

“फार राग आला होता तुमचा,” तो म्हणाला. “मग प्रशिक्षणात त्यांनी वाळूच्या पोत्यावर तसाच पाइप टाकून दाखवला. पोत्याला हेल्मेट घातलं होतं, तरी—”

“पुरे. इथून गेलास तरी चालेल मला,” ती म्हणाली, “पण तू कुठेतरी असायला हवास. कळलं?”

तो म्हणाला, “उद्या सुट्टी आहे मला. गेटबाहेर थांबू?”

“मला सहा वाजतील.”

“तुम्ही उतरेपर्यंत थांबतो.”

दुसऱ्या दिवशी सहाला ती शिडीवर आली. गेटपलीकडे एक माणूस मान वर करून उभा होता. एरवी ती मधल्या पायऱ्या गाळत धडाधड उतरायची. आज तिने कमरेच्या पट्ट्याचा हूक नीट अडकवला आणि एकेक पायरी धरत खाली येऊ लागली. एवढी घाई तिला आयुष्यात कधी झाली नव्हती.