तळाचा घोट

वेनफर्ड गावचा ‘बे हॉर्स’ पब बघून शहरातली माणसं मोटारी थांबवत. बुटक्या काळ्या तुळया, भिंतीवर घोड्यांचे पितळी बिल्ले, शेकोटीपाशी पसरलेलं कुत्रं. काय ते जुनं, काय ते सुंदर! त्यांचं काय जातंय म्हणायला? तुळईला हात लावला की बोटं चिकटत, आणि ते घासायला डोरीन हॅस्केलबाई होत्या.

डोरीनबाई कॉव्हेंट्री शहरातल्या. नवरा, लेन, रेल्वेत नोकरीला होता. तो गेला तसं रेल्वेचं घरही गेलं. पब सांभाळणारा म्हातारा बफ्टन वारल्यावर बिअरच्या कंपनीनं त्यांना हा पब चालवायला दिला. वरच्या दोन खोल्या हेच आता त्यांचं घर.

गावकऱ्यांची एक खोड मात्र बाईंच्या डोक्यात जाई. प्रत्येक जण ग्लासात तळाशी एक घोट ठेवायचा आणि ग्लास फळीवर ओळीनं मांडायचा. त्यात मेलेला फेस, तंबाखूचा चुरा, एखादा मिशीचा केस. बाई नाक मुरडून ते सगळं मोरीत ओतत. गावकरी नुसते बघत राहत.

मग ग्लास अर्धेच संपू लागले. मग माणसं येईनाशी झाली. कंपनीच्या माणसानं स्पष्ट सांगितलं, नाताळपर्यंत धंदा सुधारला नाही तर किल्ली परत करा.

बाई ताजी बिअर घेऊन घोड्यांना नाल ठोकणाऱ्या पर्सी गिल्टच्या दारात गेल्या. हिच्यात खोट काय ते एकदाचं सांगा, म्हणाल्या. गिल्टनं वास घेतला.

“बिअर चांगली आहे, बाई. पण तिच्यात कोणी नाहीये.”

“म्हणजे?”

“बफ्टन उष्टं फेकत नसे, नव्या बिअरमध्ये मिसळायचा. तळघरात कोपऱ्यातलं पिंप उघडून बघा.”

बाईंनी झाकण उचललं आणि तोंड फिरवलं. सकाळच्या न धुतलेल्या म्हाताऱ्या तोंडाचा वास. वर जाड साय, सायीत पांढरे केस. शी! ही माणसं पिढ्यान् पिढ्या एकमेकांची थुंकी पीत होती तर! त्यांनी पिंप गटारात उपडं केलं, सोड्याच्या उकळत्या पाण्यानं खरवडलं आणि तळघराला कुलूप ठोकलं.

सकाळी पिंप काठोकाठ भरलेलं होतं. वर तीच साय.

बाईंनी पुन्हा ओतलं. पुन्हा भरलं. किल्ली तर त्यांच्याच खिशात होती. पिंपाला हात लावला तर लाकूड कोमट लागलं, तापातल्या माणसाच्या अंगासारखं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

पण नाताळ जवळ आला. घर गेलं तर जायचं कुठं? शेवटी नाक दाबून त्यांनी पिंपातलं भांडंभर उष्टं बिअरच्या नव्या पिंपात ओतलं.

रविवारी दुपारी पब माणसांनी फुलून गेला. कोणी निरोप दिला होता कोण जाणे. एडा पर्स्लो नावाच्या म्हातारीनं, जी एरवी दारूला शिवत नसे, एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

“आला गं बाई माझा रॉबर्ट,” ती म्हणाली. रॉबर्ट तिचा मुलगा. युद्धावरून परतलाच नव्हता.

गिल्टनं एक भरला ग्लास बाईंपुढं सरकवला. “मालकीणबाई, आता तुम्ही.”

सगळा पब बघत होता. नाही म्हणायची सोय नव्हती.

बाईंनी घोट तोंडात घेतला. कांदा. किडके दात. शिळी तंबाखू. आता थुंकणार, तोच जिभेला लवंगेचं तेल लागलं.

आणि मागून कडू औषध.

शेवटच्या आजारात लेन दाढेला लवंगेचं तेल लावायचा. हे त्याचंच तोंड. या गावात ज्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्याचं.

बाईंचे डोळे भरून आले. घोट गिळायला त्यांनी मान मागं टाकली.

गिल्ट कानाशी वाकला. “सगळं गिळू नका, बाई. नाहीतर उद्या तुमचं माणूस यायचं कुठून?”

डोरीनबाईंनी घोट लाळेच्या तारेसकट परत ग्लासात सोडला. मग ग्लास तळव्यानं झाकून त्या तळघराच्या पायऱ्या जपून उतरू लागल्या.