हेल्मेटमधला दुसरा श्वास

भुताखेतांवर विश्वास आहे का असं कुणी विचारलं तर मी आजही "नाही" म्हणते. पण हे माझ्यासोबत घडलंय. पदरचं काही घालत नाही.

जेवत असाल तर आधी जेवून घ्या.

मी रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर नको नको त्या बाटल्या हाताळते. मला सहजासहजी किळस येत नाही, हे लक्षात ठेवा.

गेल्या वर्षीचा थंडीतला रविवार. आमच्या मोटरसायकल क्लबची एका दिवसाची राईड. क्लब माझ्या दादाने काढलेला, त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. डोंगरात एक जुनी वाफेची रेल्वे आहे, हौशी लोकांनी जपलेली, फक्त सुट्टीला धावणारी. ती बघायला निघालो होतो.

लख्ख दुपार होती. दादा इंजिनाभोवती लहान पोरासारखा फिरत होता.

"बघ चिमणे, ह्याला म्हणतात इंजिन! आपण चालवतो ती शिवणयंत्रं."

आमची सगळी मंडळी मागच्या डब्यांत शिरली. दादा आणि मी पुढच्या डब्यात. लाकडी बाकं, पितळी कड्या. दादा समोरच्या बाकावर बसला. माझ्या शेजारची जागा रिकामी. हेल्मेट कुणी लांबवू नये म्हणून मी ते मांडीवर उलटं धरलं होतं.

निळ्या कोटातली मदतनीस बाई आली.

"बोगदा येतोय. खिडक्या लावून घ्या, धूर आत येतो."

आम्ही खिडक्या लावल्या.

अंधार झाला.

आधी कोळशाचा वास आला. मग त्याच्या खालून दुसराच एक… जळलेल्या केसांचा. आणि कुणी कित्येक दिवस दात घासले नसावेत तसा.

मग माझ्या खांद्यावर कुणीतरी डोकं टेकवलं.

जड. ओलं. गरम.

मला वाटलं, दादाच. चेष्टा करायची सवय आहे त्याला.

"दादा, ऊठ ना. घाण वास येतोय तुझ्या तोंडाला."

"काय गं?" दादाचा आवाज आला…

समोरून.

मला हलताच येईना. खांद्यावरचं डोकं हळूहळू खाली घसरलं. दंडावरून, कोपरावरून, मांडीकडे. हेल्मेट एकदम जड झालं. आतून आवाज येऊ लागला… कुत्रं ताटली चाटतं ना, तसा.

मग उजेड आला.

शेजारी कुणीही नव्हतं. माझ्या जॅकेटच्या खांद्यापासून मनगटापर्यंत चकचकीत, चिकट पट्टा होता. दादाने वाकून पाहिलं.

"वंगण गळलं असेल वरून."

मी रोज नमुने बघते. ते वंगण नव्हतं. लाळ होती.

मदतनीस बाई समोर आली तेव्हा तिच्या हातात बादली होती. फडकं आधीच पिळलेलं.

"जॅकेट काढा. तोंडाला हात लावू नका."

"कोण होतं ते?"

"मला काय माहीत, बाई? मी फक्त पुसते."

"म्हणजे आधीही झालंय हे?"

तिने खिडकी उघडली. बाक पुसलं आणि फडकं खिडकीतून बाहेर फेकून दिलं.

परतीला दादा आणि मी गाडीत बसलोच नाही. आमच्या मोटरसायकली खाली स्टेशनजवळ लावलेल्या होत्या. एक टेम्पोवाला तिकडेच निघाला होता, त्याच्यासोबत आलो. जॅकेट मी तिथल्याच कचऱ्याच्या पिंपात टाकलं. हेल्मेट मात्र नळाखाली धरून धुतलं, दादाच्या रुमालाने कोरडं केलं. त्याशिवाय घरी कशी जाणार?

तीच माझी चूक.

घाटात उतरताना थंडी होती. श्वास सोडला की हेल्मेटच्या काचेवर वाफ धरायची, घेतला की निवळायची. नेहमीचंच.

मग मी श्वास आत घेत असतानाच काचेवर वाफ धरली.

भास असेल, म्हटलं. श्वास रोखला.

काच धूसर झाली… निवळली… पुन्हा धूसर झाली.

माझ्या गालाला, आतल्या बाजूने, काहीतरी ओलं लागलं. खरखरीत. कानापासून हनुवटीपर्यंत सावकाश फिरलं.

मी ब्रेक दाबला. मागचं चाक घसरलं. मागून येणारा दादा हातभर अंतरावरून कसाबसा निसटला. मी हेल्मेट उपटून काढलं आणि कठड्याला धरून ओकले. पोटात काही उरेना, तोवर ओकले.

"अगं वेडी झालीस का? मेली असतीस! मीही मेलो असतो!" दादा धावत आला.

"आत कुणीतरी आहे."

त्याने हेल्मेट उचललं. आतलं अस्तर सगळं एका दिशेने चिकटून बसलं होतं. गाय वासराला चाटते तेव्हा केस बसतात, तसं.

"काही नाहीये गं. हे बघ." त्याने उजवा हात आत घातला.

आणि तसाच थांबला.

"काय झालं?"

"गरम आहे," तो हळूच म्हणाला.

हेल्मेट त्याने दरीत भिरकावलं. मला स्वतःचं दिलं आणि घरापर्यंत उघड्या डोक्याने आला. त्यानंतर आम्ही दोघांनी हा विषय काढला नाही.

गेल्या आठवड्यात त्याच्याकडे गेले होते. त्याने चहाचा कप पुढे केला आणि माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं.

मेकॅनिकच्या नखांतलं काळं कधी जात नाही. रॉकेलने धुवा, घासणीने घासा. दादाचा डावा हात तसाच होता. काळा, भेगाळलेला.

उजवा मात्र गुलाबी. तान्ह्या बाळाच्या हातासारखा. नखं स्वच्छ. भेगा बुजलेल्या.

"हे काय रे?"

"साबण बदललाय," तो हसून म्हणाला.

कप मी त्याच्या हातातून घेतला नाही. "टेबलावर ठेव," म्हटलं.

तो गॅरेजात गेल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली.

"ताई, तो हात रोज सकाळी ओला असतो हो. मनगटापर्यंत…" तिने दाराकडे पाहिलं. "आणि साबण घरात मीच आणते. जुनाच आहे."