खालून रंगवलेली भिंत

दार लोटून घ्या, वारा येतोय. आणि पोरांनो, मध्ये घाई करू नका. मला सावकाश सांगायची सवय आहे, आणि ही गोष्ट तर आणखीनच सावकाश सांगायची आहे.

ज्याच्या बाबतीत हे घडलं तो रंगारी माझ्या चांगल्या ओळखीचा. खोटं बोलणारा माणूस नव्हे. खोटं बोलायला जेवढं बोलावं लागतं, तेवढंसुद्धा तो बोलत नसे.

गेल्या सप्टेंबरातली अकरा तारीख, गुरुवार. आठवडाभर पाऊस उघडला होता. रात्री सव्वादहाला रंगाऱ्याने सायकलच्या दांड्याला शिडी बांधली, हँडलला पांढऱ्या रंगाचा डबा, बादली आणि पुट्टीची पिशवी अडकवली आणि सायकल हातात धरून तो नदीकडे चालत निघाला. काम साधं होतं. धक्क्यावरच्या जुन्या गोदामाची नदीकडची भिंत पांढरी करायची. सकाळी नऊच्या आत.

आता ते गाव म्हणजे केवढं, तर दीडशे उंबऱ्यांचं. नदीच्या वळणावर बसलेलं. पूर्वी तिथे होड्या लागायच्या. लाकूड उतरायचं, धान्य चढायचं, म्हणून ते गोदाम. मग खालच्या अंगाला पूल झाला, माल रस्त्याने जाऊ लागला, होड्या काठावर उपड्या पडल्या. माणसं तोंडाने फटकळ. कुंपणाच्या वीतभर जागेवरून तीन तीन पिढ्या एकमेकांचं तोंड न बघणारी. पण एक गोष्ट गावाने कधी चुकवली नाही. पूर ओसरला की स्वतःच्या घरातला चिखल काढायच्या आधी सगळे गोदामाशी जमायचे. पाणी जिथवर चढलं होतं तिथे भिंतीला खाच पाडून काळी रेघ मारायची. रेघेखाली जे गेले त्यांची नावं. नावं म्हणजे गाव ज्या नावाने हाक मारायचं ती. ‘शिंप्याची थोरली.’ ‘दोन पाहुणे.’ त्या गावाचा इतिहास कोणी पुस्तकात लिहिला नाही. तो भिंतीवर होता, आणि लहान मुलं अक्षरं गिरवायला त्याच भिंतीवर शिकायची.

हीच भिंत पुसायची होती.

पुसायला सांगणारा परका नव्हता, गावातलाच. गाव त्याला प्लॉटवाला म्हणायचं. गोदामाच्या पलीकडचं सगळं खालचं रान त्याने घेतलं होतं आणि त्याचे तुकडे पाडले होते. शुक्रवारी सकाळी नऊला शहरातली माणसं बघायला येणार होती.

“भिंतीवर रेघा आहेत,” रंगारी त्याला म्हणाला होता.

“म्हणून तर तुला बोलावलं.”

“उद्या उजाडल्यावर करतो.”

“उजेडात गेलास तर गावातल्या म्हाताऱ्या तुला ब्रशसकट नदीत टाकतील. रात्रीच जा.”

रंगाऱ्याने ब्रशचे केस बोटाने झाडले. मग म्हणाला, “तुझा आजा आहे त्या भिंतीवर.”

“मेलेल्यांना प्लॉट लागत नाही, दादा. जित्यांना लागतो. तुझ्या मुलीने घेतलाच ना?”

इथेच तर रंगारी अडकला होता. त्याची एकुलती मुलगी त्याच गावात दिलेली. जावयाने कोपऱ्यावरचा प्लॉट घेऊन पाया खणायला घेतला होता. मुलीला सातवा महिना. तिने एकदा विचारलं होतं, “बाबा, तिथे पाणी येत नाही ना?” आणि रंगारी म्हणाला होता, “आता नाही येत. वर धरण आहे.” वाक्य प्लॉटवाल्याचं, जीभ ह्याची.

“आणि भिंत तशीच राहिली,” प्लॉटवाला पुढे म्हणाला होता, “तर बाकीचे प्लॉट कोणी घेणार नाही. मग तिथे रस्ता नाही, दिवे नाहीत. तुझी मुलगी त्या रानात एकटी राहील. बघ बाबा.”

म्हणून रंगारी निघाला. रागाने निघाला. कोणावरचा राग ते त्यालाही नीट कळत नव्हतं.

गोदामाशी पोचला तेव्हा पावणेअकरा झाले होते. त्याने टॉर्च खिळ्याला टांगला. वाटेत एक भटकं कुत्रं मागे लागलं होतं, ते गोदामाच्या खालच्या पायरीवर अंग टाकून बसलं. नदी आता ओसरून तीनशे पावलं लांब, तळाशी, मुकाट वाहत होती.

रंगाऱ्याचा पहिला धडा काय असतो? भिंत वरून खाली रंगवायची. ओघळ खाली येतात, ते पुढच्या हातात मिटून जातात. त्याच्या बापाने त्याला हे कान धरून शिकवलं होतं. पण वर सगळ्यात उंच रेघ होती, दीड पुरुष उंच. एक्केचाळीस वर्षांपूर्वीची. त्या वर्षी वरच्या धरणाचे दरवाजे रात्री अडीचला उघडले आणि खाली कोणाला कळवलं नाही. एक माणूस धाडला असता, तरी पुरे होतं. गाव झोपेत होतं. नऊ माणसं गेली. ती नावं रंगाऱ्याच्या बापाने, तोही रंगारीच, स्वतःच्या हाताने लिहिली होती आणि शेवटचं नाव होतं, ‘रंगाऱ्याची बायको’. ती अकरा महिन्यांचं मूल घेऊन गोदामात पळाली. पोत्यांवर चढली, मूल छताच्या तुळईवर ठेवलं, अंगावरचं कापड फाडून त्याला तुळईला बांधलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नावाड्यांनी मूल खाली काढलं, जिवंत. ती सापडलीच नाही. ते मूल म्हणजे हाच रंगारी.

त्या रेघेकडे बघायचा त्याला धीर झाला नाही. त्याने आयुष्यात पहिल्यांदा धडा मोडला. खालून सुरुवात केली.

पहिली रेघ गुडघ्याएवढी. त्या पुरात कोणी गेलं नव्हतं. कुंभाराची मडकी तेवढी वाहत खालच्या गावाला गेली आणि त्यांनी ती परत न देता स्वयंपाकाला घेतली. तेव्हापासून त्या गावात मुलगी देत नाहीत. रंगाऱ्याने खाचेत पुट्टी भरली, वर रंगाचे दोन हात दिले. उठला तर विजार गुडघ्यापर्यंत ओली. पुट्टी कालवायची बादली सांडली असेल, त्याला वाटलं. बादली काठोकाठ भरलेली होती.

कुत्रं उठून दुसऱ्या पायरीवर जाऊन बसलं.

दुसरी रेघ कमरेएवढी. ती नावाड्याची. त्याने त्या रात्री एकोणीस खेपा करून माणसं वर आणली. लोक म्हणाले, आता पुरे. तो म्हणाला, “सासू राहिलीय. तिला टाकून गेलो तर बायको घरात घेईल का?” विसावी खेप आली नाही. रेघेखाली दोनच नावं, ‘नावाडी’ आणि ‘नावाड्याची सासू’. रंगाऱ्याने दोन्हींवरून ब्रश फिरवला. तेवढ्यात कमरेला गार लागलं. त्याने खिशात हात घातला. काडेपेटीचा लगदा झाला होता. खिशाच्या तळाशी वाळू होती.

तो वळून नदीकडे बघत राहिला. नदी होती तिथेच होती.

“म्हातारपण,” तो स्वतःशी म्हणाला. बेचाळिशीतला माणूस.

कुत्रं आता सगळ्यात वरच्या पायरीवर होतं.

तिसरी रेघ छातीएवढी. पूल नवा होता, त्याच्या खांबांत ओंडके अडकले, पाण्याला वाट राहिली नाही. सहा नावं. पहिलं ‘तराजूवाला’, गोदामात माल तोलणारा. प्लॉटवाल्याचा आजा तो. दोन पोरांना वजनाच्या पारड्यात बसवून त्याने वर ओढलं, आणि साखळीचं दुसरं टोक धरून खाली राहिला. रंगाऱ्याचा ब्रश त्या नावाशी थबकला. मग त्याने दात आवळले आणि ओढला. एक नाव. दुसरं. सहावं...

सदरा छातीपर्यंत अंगाला चिकटला. नुसता ओला नव्हे. जड. श्वास घेताना बरगड्यांवर दाब येत होता.

साडेबारा झाले होते. कुत्रं खिडकीच्या कठड्यावर चढलं होतं. ते भुंकत नव्हतं. रंगाऱ्याकडे बघतही नव्हतं. छातीएवढ्या उंचीवर, रिकाम्या हवेत, ते काहीतरी बघत होतं. डावीकडून उजवीकडे. हळूहळू. मग परत डावीकडे मान. आणि पुन्हा... डावीकडून उजवीकडे.

वाहून जाणारं बघतात तसं.

रंगाऱ्याला पळून जावंसं वाटलं. पण डोळ्यांपुढे मुलगी आली. रस्ता नसलेल्या रानात, एकटी, मूल घेऊन. त्याने शिडी लावली.

एक पायरी. दोन.

पायांना धार लागत होती.

तीन. शिडी डावीकडे ओढली जाऊ लागली. होडी ओढली जाते तशी. जमीन कोरडी होती. टॉर्चच्या उजेडात कोरडी दिसत होती.

चार.

समोर बापाचं अक्षर. आठ नावं सरळ ओळीत. नववं वाकडं. त्या नावाशी बापाचा हात हलला होता.

त्याने ब्रश बुडवला.

पाणी गळ्याशी आलं. दिसत नव्हतं. पण हनुवटी आपोआप वर झाली. तोंड आपोआप मिटलं.

ब्रश उचलला...

शिडी एकदम स्थिर झाली.

खालून कोणीतरी धरली होती. घट्ट. दोन्ही हातांनी.

“कोण आहे?”

...

“कोण?”

नदीचा आवाज बंद. कुत्र्याचा श्वास बंद. खाली बघायचं नाही, एवढंच त्याला कळत होतं.

मग आवाज आला. बाईचा. त्याच्या मुलीपेक्षाही तरुण. त्यात माया नव्हती, पोरांनो. नुसता संताप होता. एक्केचाळीस वर्षं साठवलेला.

“एवढ्यासाठी तुला वर ठेवलं होतं?”

ब्रश हातातून सुटला. तो खाली पडल्याचा आवाज झाला नाही. पाण्यावर पडतो तसा... टप्. आणि वाहत गेल्यासारखा दूर.

रंगारी शिडीवरच बसला. पहाट होईपर्यंत. खाली उतरायचं धाडस नव्हतं म्हणून नव्हे. उतरलो तर ती शिडीवरचे हात काढेल, असं त्याला वाटलं म्हणून.

सकाळी पावणेनऊला प्लॉटवाला आला, मागून शहरातल्या माणसांची गाडी. भिंत छातीपर्यंत पांढरी शुभ्र होती आणि त्याच्या वर, उघड्या भिंतीवर, ती एकच काळी रेघ आणि नऊ नावं. आधी इतकी ठळक ती कधी दिसली नव्हती.

“हे काय करून ठेवलंस?” प्लॉटवाला दबक्या आवाजात म्हणाला.

रंगाऱ्याने त्याच्याकडे बघितलंच नाही. तो शहरातल्या माणसांपुढे जाऊन उभा राहिला. आयुष्यात एवढं तो एका दमात बोलला नव्हता. “माझ्या डोक्यावर अजून अर्धा माणूस उभा करा. तिथवर पाणी येतं. तुम्ही बघायला आलात ते रान ह्या भिंतीहून खाली आहे. ही खालची भिंत मी काल रात्री ह्याच्या सांगण्यावरून रंगवली. तुम्हाला दिसू नये म्हणून.” आणि शेवटी, “थुंका माझ्यावर.”

कोणी थुंकलं नाही. गाडी मात्र वळली.

तिथून तो सरळ मुलीच्या प्लॉटवर गेला आणि फावडं घेऊन पाया बुजवायला लागला. मुलगी धावत आली.

“बाबा, वेड लागलंय का? काय करताय?”

“बुजवतोय.”

“तुम्हीच म्हणालात पाणी येत नाही!”

“खोटं बोललो.”

“माझ्याशी?” ती ओरडली. “माझ्याशी, बाबा? ह्याच्याशी?” आणि तिने पोटावर हात ठेवला.

तो माती ओढत राहिला. ती बराच वेळ तशीच उभी होती. त्या दिवशी ती त्याच्याशी पुन्हा बोलली नाही. पण जाताना मातीच्या ढिगाला तिने पाय लावला, आणि ढेकळं चरात गेली.

प्लॉटवाला हार मानणारा नव्हता. “दुपारपर्यंत दुसरा रंगारी आणतो,” तो भर रस्त्यात ओरडला, “आणि वरपासून खालपर्यंत पांढरी करतो! भिंत काय कोणाच्या बापाची आहे?” आणि तो शहरात आपल्या ऑफिसला गेला. ऑफिस टेकडीवर, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. नदीपासून चांगलं दहा मैल.

कुलूप जसंच्या तसं होतं. खिडक्या आतून बंद. फरशी कोरडी, टेबलावर आदल्या दिवसाची धूळ. फक्त त्याची बसायची खुर्ची जागेवर नव्हती. ती वर होती. छताला, पंख्याच्या पात्यांत, आडवी अडकलेली. पूर उतरून गेल्यावर घरातलं सामान जिथे अडकतं तिथेच राहतं ना, तशी.

तो दार ओढून खाली उतरला. दुसरा रंगारी आला नाही. भिंतीबद्दल तो पुन्हा एक शब्द बोलला नाही आणि त्या खोलीत परत गेला नाही.

इमारतीचा पहारेकरी मात्र यंदा मे महिन्यात, भर उन्हाळ्यात, शिडी घेऊन खुर्ची काढायला गेला होता. नुसता हात लावून परत आला.

म्हणाला, अजून ओली आहे.