निळ्या खुणेपर्यंत

"सून बोलत नाई जास्त, पन हात पाह्यशीन तं थेट सुरभीचा. पानी खुनेच्या वर नाई, खाली नाई. अन् मानीबाईले कामावरून काढल्यापासून टाकीत एक झिंगा मेला नाई, कौसल्या."

सासूबाई पुसदच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. मी कप उचलायला दाराशी आले होते, तशीच मागे फिरले. झिंगा मेला नव्हता, कारण मरायला उरलाच नव्हता. आणि पाण्याचं म्हणाल तर त्या टाकीत मी नऊ दिवसांत थेंबही घातला नव्हता.

नीट सांगते.

दिग्रसच्या आमच्या घरात, मधल्या खोलीत, चार फुटांची काचेची टाकी आहे, समुद्रातल्या जिवांची. ती लावणारी सोडली तर घरातल्या कुणी समुद्र पाहिलेला नाही. टाकी लावली माझ्या नणंदेनं, सुरभीनं. ती रत्नागिरीला शिकत होती. आजारी पडून परत आली आणि उरलेली दोन वर्षं या टाकीसमोर बसून काढली. मी तिला फोटोतच पाहिलं. टाकीखालच्या कपाटावर तिच्या अक्षरातला कागद अजून चिकटलेला आहे:

"हात कमी, नजर जास्त. पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून रोज फक्त फिल्टरचं गोडं पाणी, काचेवरच्या निळ्या खुणेपर्यंत. उपड्या हातावरून सोडा, वाळू उठू देऊ नका. बाकी काही करू नका. ती आपली आपण जगतात."

आणि ती जगली होती. सुरभी गेल्यावरही. प्रवाळ, शंखातल्या गोगलगायी, लाल पट्ट्यांचा झिंगा, नारिंगी माशांची जोडी. सासूबाई रोज चार वाजता चहा झाल्यावर तिथे खुर्ची टाकून बसायच्या. "एवढंच तं ठेवून गेली ती," एकदा म्हणाल्या होत्या, काचेकडे बघत.

लग्नानंतर महिन्याभरात पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. नव्या सुनेला याहून मोठा मान या घरात नव्हता. आता माझ्या आंदणात माहेराहून, दारव्ह्याहून, पाणी भरायचा तांब्याचा गुंड आला होता, चांगला पंधरा लिटरचा हंडा. फिल्टर असलेल्या घरात त्याचं काम काय? तो पहिल्याच दिवशी माळ्यावर गेला. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. मी तो उतरवला, घासला, रोज फिल्टरचं पाणी त्यात भरून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी टाकीत घालायचे. तांब्यातलं पाणी चांगलं, हे लहानपणापासून ऐकलेलं. माणसाला चांगलं ते त्या एवढ्याशा जिवांना वाईट कसं असेल? सगळं जास्त फुललं की मग सांगू, असं ठरवलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात झिंगा उलटा पडलेला दिसला. मग गोगलगायी काचेवरून एकेक गळल्या. प्रवाळ मुठीसारखे मिटले ते उघडलेच नाहीत. मासे तेवढे राहिले. मी बाथरूमला कडी लावून मोबाइलवर शोधलं. तांबं. माशांना थोडंफार चालतं, या बिनहाडांच्या जिवांना कणभरही विष, आणि दगडात मुरलं की सहजी निघत नाही. मी गुंड पुसून कोरडा केला आणि माळ्यावर उपडा घातला.

सासूबाईंनी मानीबाईला धरलं. मानीबाई तांड्यावरून कामाला यायची, अकरा वर्षांपासून. सुरभीचं शेवटचं दुखणंही तिनंच काढलं होतं.

"फिनाइलचा पोछा तूच मारतं न त्या खोलीत?"

"तिथं मी साध्या पान्यानं पुसतो, बाई. सुरभीनं सांगून ठेवलं व्हतं."

"मंग जीव कायले मरून राह्यले?"

मानीबाईनं माझ्याकडे पाहिलं. मला रोज गुंड नेताना पाहणारी या घरात ती एकटी होती. मी वरणाला फोडणी देत होते. मोहरी तडतडून तडतडून काळी पडली, तरी मी कढईतून मान वर केली नाही. त्याच दिवशी तिला काढलं. जाताना ती स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली, चपला हातात.

"हात जपा, सूनबाई," म्हणाली. एवढंच.

त्या दिवसापासून मी त्या खोलीत गेले नाही. मे महिना, दिवसाला दोन लिटर पाणी उडायचं. उडू दे, म्हटलं. मीठ दाट होईल, मासेही जातील, संपेल एकदाचं. चौथ्या दिवशी जाता-जाता नजर गेली. पाणी बरोबर खुणेवर. सासूबाई घालत असतील, असं धरून चालले. आज फोनवर कळलं, त्यांना वाटत होतं मी घालते. माझा नवरा कपिल नोकरीपायी पांढरकवड्याला, घरी शनिवारीच. बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, उजवा हात अर्धांगवायूनंतर वर होत नाही.

दुपारी दोघं आडवी झाल्यावर मी बोळात उभी राहिले. लाइट गेली, कूलर बंद पडला. इन्व्हर्टरवरचा टाकीचा पंप तेवढा घुमत होता. बाहेर झळांनी पत्रा कडकडत होता. मग वास आला. मिठाचा, आणि त्याखाली मुठीत नाणी धरून घामेजल्यासारखा.

मग आवाज. बारीक धार. पण पाणी पाण्यावर पडत नव्हतं. आधी कशावर तरी मऊ फुटत होतं, मग खाली उतरत होतं. उपड्या हातावरून सोडल्यासारखं... मला ते कधीच जमलं नव्हतं, माझं पाणी धबकन पडायचं. मध्ये धार थांबली, वाकून कुणी खूण बघावी तशी. पुन्हा थोडी. मग काही नाही.

आत गेले. कुणी नव्हतं. पाणी खुणेवर. त्याच खोलीतल्या माळ्याखाली स्टूल होतं, मी ठेवलेलं नव्हतं. वर गुंड सरळ उभा होता.

मी चढले. एका हातानं ओढला, तो हलेना. आत बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. टाकीतलं पाणी, हिरवट झाक असलेलं. मी घातलेलं कुणीतरी उपसून माझ्याच भांड्यात परत ठेवत होतं. आणि आतल्या बाजूनं, गळ्याखाली, निळी रेघ ओढलेली. पाणी रेघेच्या चार बोटं खाली होतं. रेघेला लागलं की हिशेब पुरा होणार होता.

चार वाजता चहा झाला. लाइट अजून आली नव्हती. आम्ही तिघं समोरच्या खोलीत.

"झालं काव वैष्णवी, टाकीचं पानी?" सासूबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडलं, आणि आत धार सुरू झाली.

बाबांचा कप तसाच अधांतरी राहिला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. दोन्ही हातांत ट्रे होता.

"कोन हाय आत...?" बाबा पुटपुटले.

सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी तो आवाज ओळखला. त्यांच्या तोंडावर भीती आली असती तर मला चाललं असतं. आली ती आशा.

"असं तं फक्त..." त्या उठल्या. "थांबा, पाह्यतो मी."

मी ट्रे खाली ठेवला आणि त्यांचा हात धरला. नमस्काराशिवाय मी त्यांना कधी शिवले नव्हते.

"आत जाऊ नका, आई. अगोदर मानीबाईले बोलवा. तिनं काही नाही केलं... जीव मी मारले, आंदणाच्या गुंडातलं पानी टाकून. अन् तेच पानी उपसून कोनी त्या गुंडात परत भरून राह्यलं, तो अजून रेघेपर्यंत भरला नाही."