शिवांगीच्या लॅपटॉपमधलं गाव

लातुरात पोरीला क्लास लावायचा, म्हणजे आईबापानंही बारावीला बसायचं. चाकूरचे शाळामास्तर व्यंकटराव त्याच तयारीनं लेक शिवांगीसोबत तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले होते. शिवांगीच्या लॅपटॉपमधलं विंडोज काढून त्यांनी लिनक्स टाकून घेतलं. दुकानदार म्हणाला होता, "ह्याच्यात गेम चालत न्हाईत, गुरुजी."

पोरगी शेराला सव्वाशेर निघाली. रविवारी दुपारी त्यांनी तिला पकडलं, तेव्हा पडद्यावर गाव वसवायचा खेळ चालू होता.

"वाईन टाकलंय, बाबा," ती ओशाळून म्हणाली. "विंडोजचे गेम लिनक्सवर चालवायचं सॉफ्टवेअर हाय ते. पण हे गाव मी न्हाई बांधलं. मी कोरी जमीन घेतली होती. घरं आपोआप उठायलीत."

रागवायला उघडलेलं तोंड व्यंकटरावांनी मिटलं. दगडी भिंती, मातीची माळवदं, मारुतीपुढचा वाकडा कडुनिंब. त्र्याण्णवच्या भूकंपात गेलेलं त्यांचं गाव होतं ते. त्याचा साधा फोटोही कुणाकडे उरला नव्हता.

पडद्यावरची इवलीशी माणसं बाजा उचलून अंगणात आणत होती. भूकंपानंतर कितीतरी महिने सारे असेच उघड्यावर झोपायचे. इथं मात्र घरं अजून उभी होती.

"सगळे बाहेर येतात," शिवांगी म्हणाली. "ही एकटीच येत न्हाई. कितीबी क्लिक करा."

तिनं बोट ठेवलेल्या घरात व्यंकटरावांची बहीण जगदेवी दबली होती. सहा वर्षांची. अकरा वर्षांचे व्यंकटराव तिला झोपेत सोडून पळाले होते.

ते घाबरले. त्यांनी खेळ काढला, वाईन काढलं, बटण दाबून धरलं. गाव पडद्यावरून हलेना. आता त्या घराला तीन मजले होते आणि पिवळा रंग, त्यांच्या भाड्याच्या इमारतीचा.

"चल, खाली चल!"

तिचं मनगट धरून ते जिन्यानं धावत सुटले.

खाली भर उन्हात सगळे भाडेकरू गाद्या टाकून बसले होते. "काय झालं?" व्यंकटरावांनी विचारलं.

"काय की, गुरुजी," घरमालकीण नागुबाई म्हणाल्या. "आत थांबवंना."

मग व्यंकटरावांच्या हाताकडं बघून त्या मागं सरकल्या.

मुठीतलं मनगट फार बारीक होतं. मातीनं माखलेलं.

तिसऱ्या मजल्यावरून शिवांगीची हाक आली.

"बाबा, दार उघडंना."