वरचं बटण

आम्ही फक्त एक खोकं आणायला गेलो होतो, पोरांनो. एवढंच काम. दुसऱ्या दिवशी शाळेत कार्यक्रम होता आणि पिसांचं खोकं आपल्या निसर्ग केंद्राच्या ताई तळ्याकाठच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर विसरून आल्या होत्या. तेच खोकं, आज दुपारी तुम्ही ज्यातलं घुबडाचं पीस एकमेकांच्या कानात घालत होतात.

जानेवारीतला दुसरा गुरुवार होता. संध्याकाळचे साडेसात. पण थंडीत साडेसात म्हणजे रात्रच, आणि वर धुकं. मी गाडी काढली, ताई शेजारी बसल्या.

ए चष्मेवाल्या, मोबाइल ठेव खाली. तुझ्यासाठीच सांगतोय. दुपारच्या सरावात शेवटचं वाक्य कुणी गाळलं? प्रत्येक मुलाच्या खांद्याला हात लावून ‘आता सोड’ म्हणायचं, असं लिहून दिलंय ना तुम्हाला? तू हसलास. म्हणालास, मुलं काय खुळी आहेत का काका, सांगितल्याशिवाय झाड सोडणार नाहीत? उद्या तू शाळेत पहिल्यांदा शिकवायला उभा राहणार. त्याआधी हे ऐकून घे. गोष्ट ताईंची आहे. मी आपला गाडी चालवत होतो.

झाडाला मिठी हा खेळ ताईंनीच सुरू केला. जंगलात हरवलेलं मूल घाबरून पळत सुटतं, आणि जितकं पळतं तितकं आत जातं. म्हणून नियम सोपे ठेवले. पळायचं नाही. जवळचं झाड घट्ट धरायचं. केंद्राचं हिरवं जॅकेट दिसेपर्यंत जागा सोडायची नाही. अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही, त्याला ओसुद्धा द्यायची नाही. हिरवं जॅकेट आलं की त्याची बाही धरायची आणि आईच्या हातात हात पडेपर्यंत सोडायची नाही. ताई मुलांसमोर गुडघ्यावर बसायच्या. मुलांशी बोलायचं तर त्यांच्या उंचीवर येऊन, हे तुम्हालाही शिकवलंय. आणि म्हणायच्या, “तुम्ही थांबा. कितीही उशीर होऊ दे, मी येते.”

ती जॅकेटं शिवायची गावातली एक शिलाईवाली. घरात ती आणि तिची लेक, बाकी कुणी नाही. लेक दुसरीत होती. तिला सगळे बटण म्हणायचे, कारण आईच्या मशीनशेजारी बसून ती दिवसभर बटणं निवडायची, आणि कपडा तयार झाला की त्याचं वरचं बटण मीच लावणार म्हणून हटून बसायची. ताईंच्या जॅकेटचं वरचं काज कातरताना लहान झालं होतं. मोठ्या माणसाच्या बोटांनी बटण त्यातून जातच नसे. केंद्रातल्या सगळ्यांनी करून पाहिलं. माझं तर नख तुटलं. ती पोर मात्र जीभ बाहेर काढून टचकन लावून द्यायची आणि वर ताईंना दटावायची, “थंडी लागेल ना!”

सहलीला ती नेमकी माझ्या मागच्या खिडकीशी बसायची. गाडी लागायची तिला. काच खाली ठेवायला लावायची, आणि मी पुढे कुडकुडत शिव्या घालायचो. लटक्या रे. फार गोड पोर होती.

एका रविवारी मायलेकी तळ्यावर आल्या. पोरगी सशामागे गेली आणि दिसेनाशी झाली. अंधार पडला. पोलीस आले, अग्निशमनवाले आले, अर्धं गाव बॅटऱ्या घेऊन जंगलात शिरलं. आईला मात्र पोलिसांनी जंगलाच्या फाटकाशीच बसवून ठेवलं, अजून एक माणूस हरवायला नको म्हणून. आमचे लोक घरून धावत आले, अंगावर होते त्या कपड्यांत. जॅकेट घालायचं कुणाला सुचणार? आणि ताई आणि मी होतो मोठ्या शहरात. एका परिषदेत ताई व्यासपीठावरून याच खेळाबद्दल बोलत होत्या. टाळ्या पडत होत्या. फोन बंद होता.

सकाळी सापडली. वाटेच्या कडेच्या एका वाकड्या झाडाला मिठी मारलेली होती. थंडीने गेली होती.

झाडाच्या दोन्ही बाजूंचं गवत तुडवलेलं होतं. माणसं रात्रभर तिच्या हाताच्या अंतरावरून गेली होती, तिचं नाव घेत. बॅटऱ्यांमागे चेहरे दिसत नव्हते आणि हिरवं जॅकेट एकाच्याही अंगावर नव्हतं, म्हणून तिने ओ दिली नाही. जे शिकवलं होतं ते तिने तंतोतंत केलं.

आईने ताईंना एकच विचारलं, “येते म्हणाला होतात ना?” त्यानंतर दोघींचं बोलणं संपलं. शिलाईवालीच्या दारावरचा दिवा तेव्हापासून रात्रंदिवस जळायचा. गावात कुणी त्याबद्दल विचारायचं नाही. ताईंनी तो खेळ बंद केला, जॅकेट सामानाच्या खोलीत टाकलं, झाडाकडची वाट टाकली. पक्षी शिकवले, फुलपाखरं शिकवली, कचऱ्यावर नाटुकली बसवली. पण हसताना मी त्यांना पाहिलं नाही. नऊ वर्षं.

तर तो गुरुवार. ताईंनी आपला कोट दुपारी चिखलात पडलेल्या एका मुलाला दिला होता. फाटकाशी उतरल्या तेव्हा अंगात साधा स्वेटर. मी म्हटलं, अशा जाऊ नका, आजारी पडाल. मागच्या सीटखाली हात घातला, काहीतरी उबदार लागलं, ओढून काढलं. तर ते हिरवं जॅकेट. सामानाची खोली रंगवायला काढली होती, कुणीतरी तिथलं सगळं उचलून गाडीत कोंबलं होतं.

ताईंनी ते हातात धरलं आणि नुसत्या उभ्या राहिल्या.

“राहू दे,” मी म्हटलं, “माझी कानटोपी घ्या.”

“नको दादा, घालते. किती दिवस भिऊन राहू?” त्यांनी ते अंगात चढवलं. बटणं लावली नाहीत. “लांबच्या वाटेवर पाणी आलंय, जवळच्या वाटेने जाते. आलेच.”

धुक्यात त्यांची बॅटरी दिसेनाशी झाली. मी रेडिओ लावला. खरखर नुसती. बंद केला.

आता पुढचं ताईंनी मला नंतर सांगितलं. जाताना काही झालं नाही. ते वाकडं झाड आलं, त्यांनी मान खाली घातली आणि पुढे गेल्या. मनोऱ्यावर खोकं होतं तिथेच होतं. उजव्या काखेत खोकं, उजव्याच हातात बॅटरी. डावा हात मोकळा. परत निघाल्या.

झाडाशी आल्या... आणि डावी बाही अडकली.

काटा असेल, असं वाटलं. ओढली. सुटली नाही. पुन्हा ओढली.

तेव्हा पलीकडून ओढ आली.

जोराची नाही. हलकी. मूल आईचा पदर ओढतं ना... तेवढीच.

त्यांनी बॅटरी वळवली. बाहीची कड गोळा झाली होती. मुठीत धरल्यावर कापड चुरगळतं तशी.

मूठ नव्हती.

ताई पळाल्या नाहीत. पळायचं नाही हे त्यांनीच शिकवलेलं. मग कसंबसं म्हणाल्या, “आले गं... फार उशीर झाला.”

बाही सुटली नाही. आणि मग ताईंच्या लक्षात आलं... ती सोडणारच नाही. आईच्या हातात हात पडेपर्यंत.

इथून पुढचं मात्र मी या डोळ्यांनी पाहिलंय.

धुक्यातून बॅटरी आली. फार हळू. ताईंची चाल माहीत आहे ना मला, वाऱ्यासारखी बाई. त्या रात्री एक पाऊल टाकायच्या, थांबायच्या. पुन्हा एक पाऊल. लहान मुलाला चालवत आणतात तसं. आणि डावा हात अंगापासून जरा दूर... खाली... ताठ.

“ताई, लागलं का काही?”

खोकं पुढच्या सीटवर ठेवलं. मागचं दार उघडलं. आणि उघडून... थांबल्या. कुणीतरी आधी चढायचं असावं, तशा. मग स्वतः बसल्या. खिडकीशी नाही. मधे.

“दादा, शिलाईवालीकडे घ्या.”

“आत्ता?”

“मागे बघू नका.”

मी आरसा छताकडे फिरवला. किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. थोडं अंतर गेलो असेन.

“काच खाली करा,” ताई म्हणाल्या. “तिला गाडी लागते.”

...

मी काच खाली केली.

गावापर्यंत थंडीने माझे कान दुखत होते आणि तोंडातून शिवी निघत नव्हती. एकदा मागून सीटचा चर्र आवाज आला. खिडकीच्या बाजूने. मी रस्त्यावरची नजर काढली नाही.

शिलाईवालीच्या गल्लीत गाडी शिरत नाही. तोंडाशी उभी केली. गल्लीच्या टोकाला दारावरचा दिवा. ताई उतरल्या, दार धरून थांबल्या, मग निघाल्या. मी लांबूनच मागे गेलो. भीती वाटत होती, पण गाडीत एकटं बसण्याची जास्त वाटत होती.

ताईंनी कडी वाजवली. आतून मशीनचा आवाज थांबला.

शिलाईवालीने दार उघडलं. गळ्यात मोजायची टेप तशीच. तिने आधी ताईंचं तोंड पाहिलं, मग जॅकेट. स्वतः शिवलेलं. चेहरा दगड झाला.

“हे घालून आलात माझ्या दारात?”

ताई गुडघ्यावर बसल्या. तिथे, उंबऱ्यासमोर, फरशीवर. उजवा हात चौकटीला टेकवला. आणि डाव्या बाजूला... कुणीही नव्हतं तिथे... त्या बाजूला तोंड करून म्हणाल्या, “ऐकलंस माझं. सगळं बरोबर केलंस तू. चुकले ते मी. आता सोड.”

बाही तशीच.

“आता सोड गं राणी.”

तशीच.

शिलाईवाली दार लावून घेणार होती. मी तिचा हात दाराकडे जाताना पाहिला. तो मधेच थांबला. ती बाहीकडे बघत होती. आयुष्य कापडात गेलेलं तिचं. कापड आपोआप कसं पडतं आणि धरल्यावर कसं पडतं, हे तिला सांगायला नको होतं.

ती बघत राहिली...

मीही...

मग ती खाली बसली. हात पुढे केला. तळवा वर.

बाहीची चुणी सुटली. एकदम नाही. आधी थोडी, मग सगळी. आणि शिलाईवालीचा हात मिटला. रिकामा नाही मिटला. काहीतरी आत धरून मिटला.

“किती गार पडलीयस गं,” ती म्हणाली.

उठली. आत गेली. दार लागलं. जरा वेळाने दारावरचा दिवा विझला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तो आजतागायत पुन्हा लागलेला नाही.

ताई भिंत धरून उभ्या राहिल्या. मी हाताला धरून गाडीशी आणलं, पुढे बसवलं, खोकं मांडीवर घेतलं त्यांनी. मी आतला दिवा लावला. पाणी द्यावं म्हणून वळलो आणि बाटली हातातच राहिली.

“काय झालं?” ताई म्हणाल्या.

मी बोट केलं. गळ्याकडे.

जॅकेट फाटकाशी घातलं तेव्हा उघडं होतं, मी समोर होतो. दारात त्यांचा एक हात चौकटीवर, दुसरा ताठ, मी बघत होतो. खालची सगळी बटणं अजूनही उघडी होती. ताईंनी बोटं वर नेली, चाचपली... आणि ओक्साबोक्शी रडायला लागल्या. मी कधी रडताना पाहिलं नव्हतं त्यांना. त्या सकाळीसुद्धा नाही. खूप वेळाने जॅकेट डोक्यावरून काढलं. बटणाला हात लावला नाही.

पुढच्या महिन्यात खेळ पुन्हा सुरू केला. नावाने हाक मारणाऱ्या प्रत्येकाला ओ द्यायची, हा पहिला बदल. आणि शेवटी ते दोन शब्द. एकेका मुलाला, खांद्याला हात लावून. ताई आता थकल्या, बहिणीकडे असतात. पण दर वर्षी फोन करून विचारतात, नवी पोरं म्हणतात ना रे?

म्हणशील ना उद्या? बरं.

जॅकेट इथेच आहे, आतल्या खोलीत खुंटीवर. धुवायला टाकत नाही आम्ही. जाऊन बघा हवं तर, बॅटरी घेऊन जा, तिथला दिवा गेलाय. खालची बटणं लावून बघा, काढून बघा, काही हरकत नाही. वरच्याला हात लावू नका. ते त्या रात्रीपासून लागलेलं आहे.

माझं नख तुटलं होतं त्या काजावर.