यांगत्सेवरचे पांढरे निशाण

पूर्वेला तांबडे फुटले तेव्हा यांगत्से नदीवर धुके दाटले होते, आणि काठच्या दगडी किल्ल्याच्या बुरुजावर उभ्या असलेल्या फान यूछी या दुभाष्याला आपलेच दात वाजताना ऐकू येत होते. धुक्याआड इंग्रजांची गलबते नांगरून पडली होती. भांडण अफूचे. आपल्याच माळव्यात अन् बंगालात पिकलेली अफू गोऱ्या सौदागरांनी चीनच्या गळ्यात मारली. बादशहाच्या अंमलदाराने ती जप्त करून बुडवली, तेव्हा हे सभ्य लोक भरपाई मागायला तोफा घेऊन आले. म्हणे व्यापार!

पण फानला गलबतांपेक्षा महादरवाजाचे भय अधिक होते. तिथे पिंजरा टांगला होता आणि त्यात आधीचा दुभाषी, म्हातारा लू, याचे शिर होते. परक्यांची वकिली केली म्हणून मागच्या किल्लेदाराने ते उडवले होते.

इतक्यात धुक्यातून एक होडी निघाली. तिच्यावर पांढरे निशाण होते.

नवा किल्लेदार तोंग खाईशान संतापाने गरजला. "मयताचे वस्त्र! आमच्या घरी सुतक पडावे म्हणून हे हरामखोर आम्हांस दाखवतात? गोलंदाज, बत्ती द्या!"

त्या मुलखात उघडपणे पांढरे कापड सुतकातच नेसतात. फानची उमेदीची वर्षे मात्र गोऱ्यांच्या कँटनमधल्या वखारींत गेलेली. हे निशाण बोलणी करण्याचे, आणि त्यावर तोफ डागली की गोरे गाव बेचिराख करतात, हे त्याला पक्के ठाऊक होते. किल्ल्याखालच्या पेठेत त्याची आंधळी आई निजली होती. बोलावे तर पिंजरा, न बोलावे तर आई.

"हुजूर," तो गुडघ्यांवर कोसळला, "तोफ डागू नये. ती माणसे बोलणी करण्यास येत आहेत."

तोंगने तलवार उपसली. "तू कोणाचे मीठ खातोस?"

"बादशहाचेच, हुजूर. विश्वास नसेल तर मला एकट्याला खाली धाडावे. तोफा माझ्यावर रोखाव्यात. खोटा ठरलो तर उडवावे."

किल्लेदाराने तलवार खाली केली. मग मानेनेच त्याने रुकार दिला.

फानने अंगरख्याआतला पांढरा सदरा काढून बांबूला बांधला. तटावरचे शिपाई त्याच्यावर थुंकले. जिवंतपणी मयताचे कापड मिरवणारा हा कोण करंटा! पुढे बंदुका, मागे तोफा, आणि मधे कमरेइतक्या पाण्यात तो चालला. अहो, शूर कसला, रडत चालला होता!

गोळी सुटली नाही. होडीतल्या गोऱ्या अंमलदाराने निरोप दिला: किल्ला खाली करा, नाहीतर दुपारी मारा सुरू होईल, तोवर बायकापोरांनी निघून जावे.

फानने परतून तो निरोप बुरुजावर सांगितला. किल्ला देणे तोंगच्या रक्तात नव्हते. पण पेठ रिकामी करण्याचा हुकूम त्याने तत्काळ सोडला. मग पिंजऱ्याकडे पाहत त्याने हळूच विचारले, "यानेही हेच सांगितले होते काय?"

"होय, हुजूर. तोफ डागू नये, हेच. त्या दिवशी तोफ डागली गेली, आणि नदीच्या खालच्या अंगाचे गाव जळाले."

तोंगची मान खाली गेली. "पिंजरा उतरवा. म्हाताऱ्याला सन्मानाने मूठमाती द्या. आणि फान, तू आईला घेऊन नीघ."

दुपारी मारा सुरू झाला. किल्ल्याच्या तोफा दगडी चौथऱ्यांत पक्क्या बसवलेल्या, त्या वळता वळेनात. गोरे बगलेने चढले. तोंग बुरुजावरच पडला. फान तेव्हा आईला पाठुंगळीला घेऊन टेकडीपलीकडे पोहोचला होता.

त्याच उन्हाळ्यात गोऱ्यांच्या जहाजावर तह झाला. बंदरे उघडावी लागली, हाँगकाँग गेले, बुडवलेल्या अफूचीही किंमत मोजावी लागली. अफू थांबवण्याबद्दल मात्र एक अक्षर नव्हते. पुढे आणखी एक युद्ध झाले, आणखी तहनामे झाले, आणि अफू राजरोस विकली जाऊ लागली.

अफूची पहिली होडी पेठेच्या धक्क्याला लागली तेव्हा बुरुजावर एकही तोफ उरली नव्हती. पेठेत परतलेल्या फानला दारात उभ्या उभ्या तो पिंजरा आठवला आणि त्याचा हात आपसूक आपल्या मानेकडे गेला.

"होडी आली वाटतं," आतून आई म्हणाली. "निशाण कसलं आहे रे?"

"कसलंच नाही, आई. अफूला आता निशाण लागत नाही," तो म्हणाला, आणि त्याने घाईघाईने दाराला अडसर घातला.